सावडीची वही: खरीप २०२४

३ मे

वही आज घातली. आमची वाडी हिरडस मावळात, भोरच्या पश्चिमेला, नीरा देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. भात लावणारी अकरा घरं तयार झाली आहेत. ठरलंय एवढंच, की या खरिपात तरव्यापासून, म्हणजे रोपं टाकण्यापासून, झोडणीपर्यंत भाताच्या कामाला कुणी कुणाला रोख मजुरी द्यायची नाही. माणूस, बैल, अवजार, बियाणं, लागेल ते आपसात घ्यायचं आणि त्याचा हिशेब या वहीत.

गेल्या लावणीला बाईला ४०० आणि गड्याला ६०० रुपये रोज पडला. वर जेवण, आणि लांबून माणसं आणली तर जीपचं भाडं. आमच्या घरचा भात विकला तेव्हा बरेचसे पैसे मजुरीसाठी केलेली उसनवारी फेडण्यातच गेले. मामंजी म्हणाले, जातं फिरतंय, पीठ कुठाय?

सावड, म्हणजे कामाची फेड कामाने, इथं मेलेली नाही. भावकीतली दोन-तीन घरं अजून एकमेकांच्या खाचरात उतरतातच, आज माझ्यात, उद्या तुझ्यात. पण ती भावकीपुरती उरली आणि तोंडी राहिली. तिला भावकीच्या बाहेर आणून कागदावर मांडायचं, हा प्रयोग. वही माझ्याकडे आली, कारण बचत गटाचा हिशेब मीच लिहिते.

७ मे

आज लोकसभेचं मतदान, पुण्या-मुंबईचेही पुष्कळ जण गावात होते, म्हणून संध्याकाळी देवळात बैठक उरकली. उरकली म्हणजे तीन तास चालली. विषय एकच: दिवस कशाला म्हणायचं?

बैलांचं लवकर मिटलं. वाडीत आता तीनच जोड्या आहेत. औत घेऊन गडी आला की त्याच्या खाती तीन दिवस, दोन बैलांचे आणि एक त्याचा. पॉवर टिलर एकाच घरी. डिझेल शेतवाल्याने घालायचं आणि टिलरचे दोन तास म्हणजे एक दिवस. टिलरवाल्या भाऊजींना हे कमी वाटलं, ते त्यांनी बोलूनही दाखवलं. पण त्यांच्या घरात लावणीला वाकणारं कुणी नाही, त्यामुळे फार ताणता येईना.

घोडं अडलं ते बाईच्या दिवसावर. एक चुलत सासरे म्हणाले, बाईचे दीड दिवस म्हणजे गड्याचा एक धरा, चालू दर तोच आहे. ४०० ला ६००, गणित चुकीचं नव्हतं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "बरं. मग आवंदा तुम्ही लावणीला वाका, आम्ही टिलरमागं चालतो." हशा पिकला, पण आबांनी तो मुद्दा धरून ठेवला. चिखलणीला एक गडी अर्धा दिवस, त्याच खाचराच्या लावणीला सहा बाया संध्याकाळपर्यंत. जड काम कुठलं? शेवटी ठरलं, दिवस तो दिवस. सकाळी ९ ते संध्याकाळी ५, मधे जेवण, मग तो कुणाचा का असेना.

इतकी वर्षं बाईला दोनशे कमी मिळत होते आणि त्यावर कधी बैठक बसली नाही. दर बाहेरून यायचा, सगळे तो द्यायचे. इथं दर ठरवणारे समोरासमोर बसलेले होते, म्हणून तरी वाद झाला.

१२ मे

आजच्याच तारखेला १८७५ साली भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकरी सावकारांवर चालून गेले. इतिहासात एम. ए. केलंय, अशा तारखा डोक्यातून जात नाहीत. अमेरिकेत १८६१ ते ६५ यादवी चालू होती तोवर इकडच्या कापसाला भाव होता. ती संपली, भाव कोसळला, आणि त्याच सुमारास सरकारने फेरआकारणी करून शेतसारा वाढवला. सारा रोखीत. पीक कसं का येईना, हप्त्याला रुपये हवेत आणि रुपये सावकाराकडे. दंग्यात लोकांचा रोख मुख्यतः कर्जखतांवर होता. ती हिसकावून जाळली. पुढे १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाबाबतचा कायदा झाला, तो या दंग्यांमुळेच.

खत सावकाराच्या पेटीत असायचं आणि बहुतेक कुळांना वाचता यायचं नाही. आपण अंगठा कशावर उठवला हे दुसऱ्याच्या तोंडून कळायचं. आमचीही शेवटी वहीच आहे आणि तीही एकाच घरात राहणार, माझ्या. म्हणून आज नियम वाढवला: दर रविवारी देवळात वही मोठ्याने वाचायची, प्रत्येक घराचं येणं-देणं फळ्यावर लिहायचं. ज्याला पटलं नाही त्याने तिथंच बोलायचं, नंतर पाणवठ्यावर नाही.

१९ मे

बौद्धवाड्यातली दोन घरं भात लावतात. तिथल्या भाऊंकडे गेले. एस. टी. त चालक होते, आता निवृत्त. चहा झाला, माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, बिनपैशाचं काम आमच्या आज्याने जन्मभर केलं. त्याचं कौतुक आम्हाला नका सांगू."

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. बलुत्यावर चालणारा जुना गाव किती स्वयंपूर्ण होता असं लिहिलेलं पुष्कळ सापडतं. लिहिणारा कुठल्या आळीतला हे बघावं. कुणी काय राबायचं हे जन्माआधीच ठरलेलं, नाही म्हणायची सोय नाही, आणि मोबदला म्हणून खळ्यावर देणाऱ्याच्या मर्जीने पडेल ते. बाबासाहेबांनी महार वतनाविरुद्ध मुंबई कौन्सिलात विधेयक मांडलं ते १९२८ साली. ही वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ उजाडलं. भाऊ म्हणाले, पहिला पगार हातात आला तेव्हा बरं वाटलं ते रकमेमुळे नाही, तो पगार कुणी वरून टाकला नव्हता म्हणून.

यायला तयार झाले, दोन अटींवर. कामाचं बोलावणं आलं तर कारण न सांगता नाही म्हणता आलं पाहिजे. आणि हंगामाअखेर कुणाचे दिवस येणं निघाले तर ते रोखीत मागायचा हक्क हवा. दुसरी अट प्रयोगाच्या मुळावरच येते, असं बैठकीत दोघे-तिघे म्हणाले. मी दोन्ही अटी सगळ्यांनाच लावून टाकल्या. निघून जायचा रस्ता उघडा असेल तर लोक थांबतात, हे बचत गटात पाहिलेलं आहे. घरं झाली तेरा.

२६ मे

बियाणं. बहुतेक घरं इंद्रायणी लावतात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचा १९८७ चा वाण, संकरित नव्हे, त्यामुळे बी घरी धरता येतं. तरी दरवर्षी पिशवी आणायची सवय लागलीय. आंबेमोहर आणि काळभाताचं घरचं बी फक्त वरच्या आळीच्या आत्याबाईंकडे. वय पंचाहत्तरीच्या पुढं, एकट्या, गुडघे गेलेले. बी कणगीत राखेत घालून, वर निर्गुडीचा पाला.

आत्याबाई म्हणाल्या, दिढीनं देईन. म्हणजे पायली न्यायची, दीड पायली परत करायची. एक भाऊजी लगेच सवाईवर, म्हणजे सव्वा पायलीवर, आणायला बसले. पैसा काढून टाकला की व्याजही जातं असं मानणाऱ्यांनी हा सौदा बघायला हवा होता. सवाई-दिढीवर धान्य लावून तर किती सावकार गबर झाले. पण आत्याबाईंची दिढी वेगळी होती, ते त्यांनी बोलता बोलता सांगितलं: वर्षभर उंदीर त्या हाकलतात, आभाळ फाटलं की कणगी त्या हलवतात, आणि पाच वर्षांत एकदा अर्धं बी कीड खाते तेव्हा विचारायला कुणी येत नाही.

तोड निघाली ती मापाची. पायलीला पायलीच, पण नेताना सपाट आणि आणताना शिगेची. आत्याबाईंनी लगेच करून दाखवलं. पायली भरली, काठावरून हाताची कड फिरवून दाणे खाली पाडले: ही न्यायची. पुन्हा भरली, आणि दोन्ही ओंजळींनी वर ओतत राहिल्या, दाणे कडेने ओघळायला लागेपर्यंत: ही आणायची. शीग किती मोठी हे घालणाऱ्याच्या मनावर राहील, असं कुणीतरी म्हणालं. "राहू द्या की," आत्याबाई म्हणाल्या, "मला कळेल कोण कसाय."

९ जून

तरवा टाकून झाला. पावसाआधी हाताशी वेळ होता म्हणून रोखीच्या गळतीची यादी केली, म्हणजे सावडीने जे भागत नाही ते. डिझेल. युरिया. मीठ. वीजबिल. मोबाईलचं रिचार्ज. मामंजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या. एस. टी., बायकांना अर्धं तिकीट असलं तरी अर्धं लागतंच. शाळेची वह्या-पुस्तकं. यातलं भाताशी संबंधित फक्त डिझेल आणि युरिया, म्हणजे प्रयोगाच्या हद्दीत गळती थोडी आहे. हद्दीबाहेरचं घर मात्र पूर्ण रोखीवर चालतं. तेव्हा 'पैशाशिवाय जगणं' वगैरे कुणी म्हणू नये. आम्ही एका पिकातून मजुरीची नोट बाहेर काढतोय, बस.

२३ जून

पाऊस नेटका. तरवा हिरवागार. नोंदण्यासारखं दुसरं नाही.

६ जुलै

लावणी सुरू. पहिल्याच दिवशी सगळ्यात अवघड गोष्ट समोर आली.

खालच्या कातकरी वस्तीवरची चार-पाच माणसं दर वर्षी लावणीच्या दिवसांत वाडीत येतात. आजही आली, बांधावर उभी राहिली. खाचरात आधीच वीस जण उतरलेले. त्यांच्यातल्या मावशींनी विचारलं, "आवंदा काम न्हाई का?" मी सावडीचं सांगितलं, तुम्हीपण या म्हटलं. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "आमच्यात काय लावायला येनार तुमी?"

खाचर असेल तर सावड. ज्याला जमीन नाही त्याने दिवस टाकले तरी ते परत घ्यायचे कशात? आमच्या वाचलेल्या मजुरीतला एक मोठा हिस्सा त्यांच्या चुलीवरून उचललेला आहे. त्यांच्याकरता नोट हीच एक वस्तू आहे जी सगळीकडे चालते, किराणा दुकानात, दवाखान्यात, वीटभट्टीवरून घरी परतताना.

रात्री तातडीने बसलो. आवाज चढले. एकाचं म्हणणं, मग प्रयोग कशाला? दुसऱ्याचं, दोन घरांनी मजूर लावले की उद्या सगळे लावतील. ठरलं ते असं: वस्तीवरच्या माणसांना गेल्या वर्षीइतकं काम द्यायचं, रोख, बाई-गडी दोघांनाही ५००. तो खर्च तेरा घरांत क्षेत्रानुसार वाटायचा. वहीत त्याला वेगळं पान केलं.

१२ जुलै

आज खाचरात निम्म्याच बाया. बाकीच्या लाडक्या बहिणीचा अर्ज भरायला रांगेत, महिन्याला १५०० रुपयांची योजना. एका मुलीने सगळ्यांचे अर्ज मोबाईलवर भरून दिले. तिचा अर्धा दिवस वहीत लावायचा का, यावर रविवारी चर्चा. मी लावणार आहे.

२१ जुलै

जेवणाचं. ज्याचं खाचर त्याचं जेवण, हे पहिल्यापासून. भाकरी, कालवण, कांदा, सुकट. पण गेल्या आठवड्यात एका घराने कोंबडी केली, दुसऱ्याने लगेच मटण. तिसऱ्या घरच्या बाईने रात्री मला गाठून सांगितलं, माझा नंबर पुढं ढकल, मला जमायचं नाही. चारच दिवसांत मोठेपणाची चढाओढ आली, आणि तीही किराण्याच्या उधारीवर. आज वाचनात नियम झाला: भाकरी-कालवण, फार तर सुकट.

भाऊंच्या खाचरावर काल सगळे एका पंगतीत जेवले. दोन म्हाताऱ्यांनी पोट ठीक नाही म्हणून सांगितलं. त्यांची पोटं ठीक होती हे सगळ्यांना माहीत होतं. दोघांच्याही सुना जेवल्या. नोंद असावी म्हणून लिहिते.

१८ ऑगस्ट

थोरल्या जाऊबाईंच्या खात्यावर दोन हप्त्यांचे ३००० आले. चाळीस वर्षं शेतात राबल्या, स्वतःच्या नावावर आलेली ही पहिली रक्कम. भोरला गेल्या आणि चष्मा करून आल्या. सुईत दोरा ओवायला त्यांना पोराला हाक मारावी लागायची. हा चष्मा तेरा घरांनी मिळून कितीही दिवस टाकले असते तरी झाला नसता.

लावणी संपली, बेणणी, म्हणजे तण काढणं, चालू, रात्री वाचायला वेळ आहे. १९५० च्या सुमारास विनोबांनी वर्ध्याजवळ पवनारला, धाम नदीकाठच्या आश्रमात, कांचनमुक्तीचा प्रयोग केला. देणग्यांचा पैसा बंद, आपल्या श्रमातून येईल त्यावर भागवायचं. शेतीही बैलांशिवाय, कुदळ-फावड्याची. विहिरीवरचा रहाट माणसांनी ढकलायचा. विनोबा मूळचे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, म्हणजे आमच्यासारख्याच भाताच्या मुलखातले. १९५१ च्या मार्चमध्ये ते हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी निघाले तेही पायीच. तिथून तेलंगणात शिरले. १८ एप्रिलला पोचमपल्लीत त्यांनी दलित कुटुंबांना विचारलं, काय हवं? त्यांनी ८० एकर जमीन मागितली. गावातल्या एका जमीनदाराने १०० देऊ केली आणि भूदान सुरू झालं.

पवनारला पैसा सोडायचा विचार चालला होता आणि पोचमपल्लीत लोकांनी जमीन मागितली. मला यातलं दुसरं जास्त पटतं. मावशींचा बांधावरचा प्रश्न त्याच जातीचा होता.

१२ सप्टेंबर

गौरी-गणपतीला पुण्याचा भाचा आला. वही बघून खूश. इंग्लंडातल्या मार्क बॉयलचं सांगू लागला: २००८ च्या नोव्हेंबरपासून त्याने पैसा पूर्ण सोडला, ब्रिस्टलजवळ एका शेतावर फुकट मिळालेल्या कॅराव्हॅनमध्ये राहिला, जागेच्या बदल्यात शेतावर काम केलं. चिकाटी मोठी, यात शंका नाही. पण एकटा, धडधाकट, तरुण पुरुष. मी भाच्याला म्हटलं, त्याच्याकडे आपल्या आत्याबाई आठवडाभर पाठवून बघ.

आत्याबाईंचा प्रश्न खरंच लोंबकळत होता. बियाण्याचं फिटलं, पण त्यांच्या वीतभर खाचराला लागलेले दिवस त्या कशात फेडणार? तेरुको मिझुशिमा या जपानी बाईंनी १९७३ साली ओसाकात श्रमाची बँक काढली. युद्धाच्या टंचाईत त्या शिवणकाम करून देऊन भाजीपाला मिळवत, तिथून त्यांना ते सुचलं. बायकांनी एकमेकींकडे काम करायचं, तास जमा ठेवायचे, म्हातारपणी वापरायचे. म्हणजे आज दिलेलं वीस वर्षांनी मागायचं. नोटेने हे साधतं, पण महागाई तिला खाते. तास तासच राहतो, मात्र वही तितकी टिकली पाहिजे.

आमच्याकडे उत्तर जवळच होतं. लावणीच्या अख्ख्या हंगामात नऊ-दहा पोरं आत्याबाईंच्या ओटीवर होती, भिजली नाहीत, ओढ्याकडे गेली नाहीत. रविवारी विचारलं, हे काम धरायचं का? पुरुष गप्प. एक जाऊ म्हणाली, पोरं तिथं नसती तर मी खाचरात नसते. तेवढ्यावर आत्याबाईंचं खातं कोरं झालं, उलट पाच दिवस येणं निघालं. त्यांनी स्वतः मागितलं नव्हतं. आकडा वाचला तेव्हा दोनदा वाचायला लावला.

२० ऑक्टोबर

काळभात आडवा. परतीचा पाऊस जाता जाईना. कापलेला भात खाचरात ठेवला तर कोंब येतात, म्हणून ज्याचा पिकला त्याचा आधी कापायचा, ठरलेली पाळी सोडून. तीन दिवस कुणी वही विचारली नाही. मीही लिहिली नाही, नंतर आठवून भरली. कुणी हरकत घेतली नाही.

८ नोव्हेंबर

झोडणी. २०१६ ला याच रात्री ५०० आणि १००० च्या नोटा रद्द झाल्या होत्या. तेव्हाही कापलेल्या भाताच्या उडव्या रचलेल्या होत्या. काही आठवडे वाडी किराणा दुकानदाराच्या वहीवर चालली, त्याने कुणाला मीठ-तेल नाही म्हटलं नाही. तो दुकानदार आता नाही, त्याच्या मुलाच्या दुकानात क्यूआर कोड आहे. उधारी बंद, अशी पाटी आहे.

२४ नोव्हेंबर

विधानसभेचा निकाल काल लागला, त्यामुळे आज वाचनाला लोक उशिरा आणि बोलायला दुसरंच. तरी खाती मिटवली.

बहुतेक घरं एक-दोन दिवसांच्या फरकाने बरोबरीत. भाऊंनी त्यांचे येणं चार दिवस रोखीत मागितले. हक्क होता, ५०० प्रमाणे २००० रुपये दिले. दुसऱ्या बौद्ध घराने मागितले नाहीत, पुढच्या वर्षाला ओढले. आत्याबाईंचे पाच दिवसही पुढं. टिलरवाल्या भाऊजींकडे नऊ दिवस देणं आहे. ते म्हणतात, टिलरचा दर कमी लावल्यामुळे. वहीत त्यांचं म्हणणंही लिहून ठेवलं. बियाणं सगळं परत आलं. शिगा लहान-मोठ्या होत्या, आत्याबाईंनी कुणाचं नाव घेतलं नाही.

कातकरी वस्तीचं पान उरतं. वाडीत एका मुंबईकराची तीन खाचरं बरीच वर्षं पडीक आहेत. मावशींच्या घराने ती खंडाने करावी, आम्ही सावडीत बैल आणि बी घालू, म्हणजे पुढच्या खरिपाला त्यांच्यातही लावायला जाता येईल, असा विचार आहे. मालकांना फोन केला. म्हणाले, खंड किती देणार, आणि कूळ लागणार नाही ना, म्हणजे कसणाऱ्याचा जमिनीवर कायद्याने हक्क बसणार नाही ना? पहिल्याचं उत्तर दिलं, दुसऱ्यासाठी भोरला वकिलांना विचारून लेखी करार काय करता येतो ते बघायचंय. मावशींची अट वेगळी: करारावर नाव त्यांचं हवं, नवऱ्याचं नको.

जानेवारीत बांध घालायला सुरुवात. पहिलं खाचर कुणाचं यावर आज चिठ्ठ्या टाकल्या. टिलरवाल्या भाऊजींचीच निघाली, आधीचं नऊ दिवसांचं देणं डोक्यावर असताना. पुढच्या रविवारचं वाचन लांबणार.